गोड वाइनमध्ये मुरलेली थंडगार फळे

फाल्गुन-चैत्राच्या सुमारास बारामती आणि इंदापूरच्या बाजारात फळांची मोठी गंमत असते. द्राक्षांचा हंगाम अखेरीकडे झुकलेला असतो, म्हणून द्राक्षे पुरेपूर गोड झालेली असतात. हस्त बहराची डाळिंबे याच काळात येतात. विदर्भातील मृग बहराची संत्री अजून मिळत असतात आणि खरबुजेही दिसू लागतात. उन्हाचा तडाखा वाढला, की आपल्या घरांत या फळांचे कस्टर्ड घातलेले फ्रूट सॅलड होते. त्याच फळांचा एक वेगळा, दुधाविना होणारा गोड पदार्थ म्हणजे गोड वाइनमध्ये मुरवून थंड केलेली फळे.

युरोपात हा प्रकार जुना आहे. इटलीमध्ये चिरलेल्या मिश्र फळांना 'माचेदोनिया' म्हणतात. त्यावर साखर, लिंबाचा रस आणि पुष्कळदा वाइन घालून ती थंड करतात. आपल्याकडे मात्र या पदार्थाविषयी दोन टोकांचे गैरसमज आढळतात. काहींना तो मद्यपानाचाच एक प्रकार वाटतो, तर काहींना 'वाइन फळांत घातली, म्हणजे तिच्यातील मद्य उरत नाही' असे वाटते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पदार्थ फळांचाच आहे, पण त्यातील मद्य जसेच्या तसे राहते. हे नीट समजून घेतले, तर तो करणेही सोपे जाते आणि कोणासमोर ठेवावा, हेही ठरवता येते.

एकाच खोऱ्यातील फळ आणि वाइन

नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधला हा प्रदेश मुळात कमी पावसाचा. १८८५ मध्ये सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने आणि १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याने त्याचे रूप बदलले. उसाबरोबर फळबागा आल्या. इंदापूर तालुक्यातील बोरी हे गाव आज द्राक्षबागांसाठी ओळखले जाते, तर हलक्या, मुरमाड जमिनीत डाळिंब रुजले.

वाइनही या भागाला नवी नाही. बारामती ग्रेप इंडस्ट्रीजची 'बॉस्का' ही वाइन एके काळी शहरांतील दुकानांत सर्रास दिसे. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यावर बारामती-पाटस मार्गावरील रोटी येथे 'फोर सीझन्स'ची वायनरी उभी राहिली. नीरा ओलांडून माळशिरस तालुक्यात गेले, की अकलूज परिसरात 'फ्रातेल्ली' ही इटालियन आणि भारतीय भागीदारांची वायनरी आहे. 'फ्रातेल्ली' म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. माचेदोनिया ज्या देशाची, त्या देशातील मंडळी इंदापूरच्या शेजारी द्राक्षे पिकवत आहेत, हा योगायोग मजेशीर आहे.

तरीही या गावांतील बहुतेक घरांत वाइन येत नाही, हेही तितकेच खरे. संत तुकाराम महाराजांच्या पालखीची वाट बारामती, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. माळकरी घरांत मद्य निषिद्ध असते. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा त्याला तीव्र विरोध झाला. वाइन विकली गेली, तर द्राक्ष उत्पादकाला आधार मिळतो, हा एक पक्ष आणि घरात मद्य सहज येऊ नये, हा दुसरा. या पदार्थाचा विचार करताना दोन्ही बाजू ध्यानात ठेवाव्या लागतात.

वाइन गोड कशी राहते?

खाण्याची द्राक्षे आणि वाइनची द्राक्षे वेगळी असतात. थॉमसन सीडलेस, शरद सीडलेस ही खाण्याची वाणे बिनबियांची, पातळ सालीची आणि मोठ्या मण्यांची. शेनिन ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने सॉव्हिनियाँ ही वाइनची वाणे लहान मण्यांची, बियांची आणि अधिक साखरेची. आपल्या हवामानात वेलीची दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. त्यामुळे वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारणपणे जानेवारी ते मार्चमध्ये येते.

द्राक्षाच्या रसातील साखर यीस्ट खाते आणि तिचे मद्य करते. सगळी साखर संपली, की वाइन 'ड्राय' होते. गोड वाइनसाठी काही घड वेलीवर अधिक दिवस ठेवतात. मण्यांतील पाणी कमी होते आणि साखर दाट होते. मग आंबण्याची क्रिया मध्येच थंडाव्याने थांबवून यीस्ट गाळून टाकतात. उरलेली साखर वाइनमध्ये तशीच राहते. बाटलीवर 'लेट हार्वेस्ट' असे लिहिलेले असते, ती हीच. तिच्यात गोडीबरोबर आंबटपणाही भरपूर असतो आणि म्हणूनच ती फळांशी जुळते. नुसत्या साखरेच्या पाकात फळे लवकर मिट्ट होतात, आंबटगोड वाइनमध्ये तसे होत नाही.

फळ मुरते म्हणजे काय होते?

मुरणे ही दुहेरी देवाणघेवाण आहे. बाहेरचा द्रव फळाच्या रसापेक्षा अधिक गोड असेल, तर फळातील पाणी बाहेर येते आणि बाहेरची साखर, सुगंध व मद्य हळूहळू फळात शिरते. कापलेल्या बाजूने हे झपाट्याने होते, सालीतून अतिशय मंद. द्राक्षाच्या सालीवर तर मेणाचा पातळ थर असतो. म्हणून अख्खी द्राक्षे घातली, तर रात्रभरातही ती कोरडीच लागतात. ती उभी दोन भागांत कापणे आवश्यक.

वेळेचेही तसेच. तीन ते चार तासांत फळे मुरतात आणि त्यांचा कुरकुरीतपणाही टिकतो. आठ-दहा तासांनंतर खरबूज लिबलिबीत होते. डाळिंबाचे दाणे फार आधी घातले, तर रंग सोडतात आणि स्वतः फिके पडतात, म्हणून ते शेवटी घालावेत.

थंडीमुळे जिभेला गोडी कमी जाणवते. पाक चाखताना तो किंचित अधिक गोड वाटला पाहिजे. फ्रिजमधून काढल्यावर तो नेमका लागतो.

साहित्य (सहा वाट्यांसाठी)

बिनबियांची हिरवी द्राक्षे ३०० ग्रॅम, पिकलेल्या पण घट्ट खरबुजाचे तुकडे २ वाट्या, संत्री २, डाळिंबाचे दाणे १ वाटी, लेट हार्वेस्ट गोड पांढरी वाइन ३७५ मिलिलिटर, साखर २ मोठे चमचे, पाणी अर्धी वाटी, दालचिनीचा एक इंचाचा तुकडा, वेलदोडे २, लिंबाच्या सालीची एक लांब पट्टी आणि लिंबाचा रस १ चमचा. पुरंदरचे ताजे अंजीर मिळाले, तर चार.

कृती

द्राक्षे सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत आणि पूर्ण कोरडी करावीत. पाणी राहिले, तर वाइन पातळ होते. द्राक्षे उभी कापावीत. संत्र्याच्या पाकळ्या पांढरा पापुद्रा व बिया काढून सोलाव्यात. पापुद्रा राहिला, तर पाक कडवट होतो.

पाणी, साखर, दालचिनी, ठेचलेले वेलदोडे आणि लिंबाची साल एकत्र करून एक उकळी आणावी. गॅस बंद करून झाकण ठेवावे. पाक पूर्ण गार झाल्यावरच गाळावा आणि त्यात वाइन व लिंबाचा रस मिसळावा. गरम पाकात वाइन ओतली, तर तिचा सुगंध उडून जातो.

काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात द्राक्षे, खरबूज आणि संत्री घालून वर हे मिश्रण ओतावे. पितळ, तांबे, अ‍ॅल्युमिनियम यांची भांडी टाळावीत, कारण आंबट द्रव धातूशी क्रिया करतो. झाकण लावून तीन ते चार तास फ्रिजमध्ये ठेवावे. मध्ये एकदा हलक्या हाताने ढवळावे. वाढण्यापूर्वी अर्धा तास आधी डाळिंबाचे दाणे आणि चिरलेले अंजीर घालावे. वाट्याही आधी थंड करून ठेवाव्यात.

केळे आणि पपई यात घालू नये, दोन्ही मऊ पडतात. हिवाळ्यात इंदापूरचा पेरू वापरायचा असेल, तर बिया काढून पातळ फोडी कराव्यात आणि त्या पाकात दोन मिनिटे शिजवून घ्याव्यात. दूध किंवा साय मात्र कधीच घालू नये. आंबटपणामुळे दूध फाटते.

गोड वाइन मिळाली नाही, तर साधी ड्राय वाइन घेऊन साखर चार-पाच मोठे चमचे करावी. चव थोडी उणी राहते, पण पदार्थ होतो. उरलेली फळे दुसऱ्या दिवशी संपवावीत.

मद्य किती उरते?

येथे थोडा हिशेब करावा. वाइनमध्ये १२ टक्के मद्य असेल, तर ३७५ मिलिलिटरमध्ये ४५ मिलिलिटर, म्हणजे सुमारे ३५ ग्रॅम शुद्ध मद्य असते. ते सहा वाट्यांत वाटले, की प्रत्येकी सुमारे सहा ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात एका प्रमाणित पेयात दहा ग्रॅम मद्य धरतात. म्हणजे एक वाटी हे अर्ध्याहून अधिक पेय झाले. 'रस ठेवला आणि फळेच खाल्ली' असे म्हणून सुटका नाही, कारण मुरताना मद्य फळांतही गेलेले असते.

शिजवल्यानेही ते पटकन उडत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांनुसार पदार्थ पंधरा मिनिटे मंद उकळला, तरी सुमारे ४० टक्के मद्य शिल्लक राहते, तासाभरानेही सुमारे २५ टक्के. आपला पदार्थ तर थंडच आहे.

म्हणून लहान मुले, गर्भवती स्त्रिया, यकृताचे रुग्ण आणि वाहन चालवून घरी जाणारे यांना तो देऊ नये. मेट्रोनिडॅझोलसारखी काही औषधे चालू असताना मद्य वर्ज्य असते. मधुमेहींसाठी साखर आणि मद्य दोन्ही अडचणीचे. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, हेही विसरू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाहुण्यांना आधी सांगावे. काचेच्या वाटीतील फळे पाहून कोणालाही मद्याचा संशय येत नाही. ज्याने आयुष्यभर माळ सांभाळली, त्याला नकळत वाइन खाऊ घालणे हा आदरातिथ्याचा भाग असू शकत नाही.

वाइनविना तीच गोडी

अशा घरांसाठी दुसरा प्रकार आहे आणि तो पहिल्याची नक्कल म्हणून न करता त्याच निगुतीने करावा. शरद सीडलेससारखी काळी द्राक्षे अर्धा किलो घेऊन हाताने कुस्करावीत. मंद आचेवर दहा मिनिटे गरम करावीत, उकळू देऊ नयेत. उष्णतेने सालीतील रंग आणि किंचित तुरटपणा रसात उतरतो. वाइनची चव ज्यामुळे भरीव लागते, तो हाच तुरटपणा. रस गाळून त्यात दोन आमसुले अर्धा तास भिजत घालावीत आणि काढून टाकावीत. वरचाच मसाल्याचा पाक मिसळून फळे तशीच मुरवावीत. पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने 'मांजरी मेडिका' हे खास रसासाठीचे वाण विकसित केले आहे. त्याचा रस मिळाला, तर काम आणखी सोपे.

एकाच समारंभात दोन्ही प्रकार ठेवायचे असतील, तर वाट्या वेगळ्या आकाराच्या घ्याव्यात. एकाला पांढरी आणि दुसऱ्याला काळी द्राक्षे वापरली, तर रंगच ओळख सांगतो.

डागाळलेले डाळिंब

शेवटी खरेदीविषयी. 'भगवा' जातीचे डाळिंब महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेले, आणि त्याआधीचे 'गणेश' हे पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी निवडलेले. दोन्हींची पारख बाजारात सालीवरून होते. उन्हाने करपलेले, फांदीला घासून खरचटलेले फळ निर्यातीतून बाद होते आणि शेतकऱ्याला त्याचा भाव निम्म्यानेही मिळेल याची खात्री नसते. आतले दाणे मात्र बहुधा तितकेच रसाळ असतात. ज्या पदार्थात सालीचा संबंधच नाही, त्यासाठी असे फळ बेलाशक घ्यावे. केवळ तडकलेले किंवा 'तेल्या' रोगाने साल फाटलेले फळ टाळावे आणि कापल्यावर दाणे तपकिरी वा आंबूस निघाल्यास टाकून द्यावे.

वाइनच्या द्राक्षांनीही शेतकऱ्याला असाच चटका दिला आहे. २००८ च्या मंदीनंतर मागणी घसरली, तेव्हा राज्यात अनेकांना वाइनच्या वेली उपटाव्या लागल्या. बागेतले पीक कोणी तरी आवडीने खाणार असेल, तरच बाग टिकते. ते वाइनच्या रूपात खायचे की रसाच्या, हे प्रत्येक घराने आपापल्या रीतीने ठरवावे. फळे मात्र हंगामातली, चांगली पिकलेली आणि पुरेशी थंड असावीत.