ऑइल बॉयलरच्या धंद्यात उतरताय? आधी काम ओळखा, मग सर्टिफिकेट



मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, डिझेल बॉयलरच्या सर्व्हिसिंगला सर्टिफिकेट कोणतं लागतं?" उत्तर सोपं आहे: काम कोणतं, त्यावर कागद ठरतो.

आमच्या बॅचचा एक मुलगा बर्नरच्या कामात एकदम पक्का. एका लाँड्रीत सर्व्हिसिंगला गेला. मालक म्हणाला, "ट्यूब गळतेय, तेवढं वेल्डिंग मारून दे." यानं मारलं. वार्षिक तपासणीत ते उघडं पडलं. बॉयलर बंद, लाँड्री बंद. याचे पैसे बुडाले आणि ग्राहकही गेला.

म्हणून हे नीट समजून घ्या.

कायदा कुठे लागतो? क्षमता २५ लिटरपेक्षा कमी, दाब १ किलो प्रति चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी, किंवा पाणी १०० अंशांच्या आतच तापतं, यातलं एक जरी असेल तरी ते यंत्र बॉयलर कायद्यातून सुटतं. बाकी वाफेचे बॉयलर कायद्यात येतात. १९२३ चा जुना कायदा जाऊन आता २०२५ चा आलाय.

बर्नर सर्व्हिसिंग: नोझल, फिल्टर, ऑइल पंप, इलेक्ट्रोड, फोटोसेल. हे प्रेशर पार्ट नाहीत. इथे बर्नर कंपनीचं ट्रेनिंग आणि हाताखालचा अनुभव कामाला येतो. नवख्यानं सुरुवात इथूनच करावी.

बॉयलर चालवणं: यासाठी बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट लागतं, सेकंड क्लास किंवा फर्स्ट क्लास. महाराष्ट्रात परीक्षेची चौकशी बाष्पके संचालनालयात करा.

दुरुस्ती: ट्यूब, शेल, ड्रम यांना हात लावायचा तर मान्यताप्राप्त रिपेअररच हवा आणि वेल्डर आयबीआर पास हवा. रिपेअररमध्ये क्लास थ्रीची मर्यादा १७.५ किलो दाबापर्यंत असते. लहान कारखान्यांचे बरेच बॉयलर त्यात बसतात.

बसवणं: नोंदणी आणि तपासणी झाल्याशिवाय बॉयलर पेटवायचा नाही. वाफेची लाइनसुद्धा, दाब ३.५ किलोच्या वर गेला, किंवा आतला व्यास २५४ मिलिमीटरच्या वर असून दाब १ किलोच्या वर गेला, की नियमात येते.

माझा सल्ला: बर्नरचे वार्षिक करार घ्या आणि एका मान्यताप्राप्त रिपेअररशी बोलणी करून ठेवा. कोटेशनवर स्पष्ट लिहा, "प्रेशर पार्टचं काम यात नाही." मालक कितीही मागे लागला तरी नाही म्हणायला शिका. त्या बॉयलरशेजारी माणसं उभी असतात.