शून्य भागिले शून्य

शून्याला शून्याने भागले तर काय येते, असे मी आठवीत असताना सरांना विचारले होते. "ते विचारायचे नसते," एवढेच उत्तर मिळाले. या वर्षी तो प्रश्न पुन्हा भेटला, तो एका डमरूत.

क्ष² + य² = झ² हे समीकरण अवकाशात मांडले, की टोकाला टोक लावलेले दोन शंकू, म्हणजे कमरेशी एका बिंदूत आवळलेला डमरूच, मिळतो. बहुपदींच्या समीकरणांतून निघणाऱ्या अशा पृष्ठांना बैजिक पृष्ठे म्हणतात. डमरूवर कोठेही बोट ठेवा, तेथे एक स्पर्शप्रतल टेकवता येते. फक्त कमरेच्या बिंदूशी येत नाही, कारण तेथे साऱ्या रेषा एकत्र गोळा झालेल्या असतात. त्याला मी विचित्र बिंदू म्हणते.

आता क्ष/झ ला त म्हणू आणि य/झ ला थ. डमरूवरील एकाच रेषेवरून चालत राहिले तर त आणि थ बदलत नाहीत. ते त्या रेषेची दिशा सांगतात. कमरेशी पोहोचल्यावर मात्र दोन्हीकडे शून्य भागिले शून्य! पण ज्या रेषेने आपण आलो तिचे उत्तर हातात असतेच, आणि प्रत्येक रेषेचे निराळे. गणिती यातले एकही उत्तर टाकून देत नाहीत. एका बिंदूच्या जागी ती सगळी ठेवतात. समीकरणात क्ष = तझ, य = थझ घातले आणि झ² काढून टाकला, की उरते त² + थ² = १. त, थ, झ यांच्या अवकाशात ही झाली सरळ वृत्तचिती, नळाच्या तुकड्यासारखी गुळगुळीत. विचित्र बिंदूच्या जागी एक वर्तुळ आले. बाकीच्या डमरूचा एकही बिंदू हरवला नाही. खरे वाटेना म्हणून मी हे तीनदा करून पाहिले.

सगळीच पृष्ठे इतकी गुणी नसतात. एक विचित्र बिंदू उलगडावा, तर आतून दुसरे निघतात. हे कधी संपते का, हाच खरा प्रश्न. ऑस्कर झारिस्की यांनी १९३९ साली पृष्ठांसाठी ते संपते असे बीजगणिताने दाखवले, आणि हिरोनाका यांनी १९६४ साली कितीही मितींसाठी. ही मात्र नेहमीच्या संख्यांची गोष्ट. जेथे १ पाच वेळा मिळवला की शून्य होतो, अशा अंकगणितात क्षच्या पाचव्या घाताचे विकलन केले तर शून्यच हाती येते, आणि विकलनाचे हत्यार बोथट होते. अशा अंकगणितांतील पृष्ठांचा प्रश्न झारिस्कींचे विद्यार्थी श्रीराम अभ्यंकर यांनी सोडवला. ग्वाल्हेरच्या मराठी घरात वाढलेले अभ्यंकर १९५६ साली, ते काम छापून आले तेव्हा, जेमतेम पंचविशीचे होते. पुढे तीन मितींचाही प्रश्न सुटला. चार मितींपासून पुढे तेथे उत्तर अजून कोणालाच मिळालेले नाही.