त्रिकोणाबाहेरचे पॉलिनेशियन

हवाई, न्यूझीलंड आणि ईस्टर बेट यांना जोडणारा त्रिकोण म्हणजे पॉलिनेशिया, असं नकाशे दाखवतात. त्यामुळे पॉलिनेशियन लोक त्याबाहेर नाहीतच, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात सॉलोमन बेटं, वानुआतू, पापुआ न्यू गिनी, न्यू कॅलेडोनिया आणि मायक्रोनेशिया इथल्या वीसेक छोट्या बेटांवर पॉलिनेशियन भाषा पिढ्यान्‌पिढ्या बोलल्या जातात.

दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे: पूर्वेकडे निघालेल्या दर्यावर्द्यांपैकी काही जण वाटेतच थांबले, त्यांचे हे वंशज. भाषांचा पुरावा मात्र उलट दिशा दाखवतो. लपिता संस्कृतीचे लोक सुमारे २८०० वर्षांपूर्वी टोंगा-सामोआला पोहोचले आणि पॉलिनेशियन भाषा तिथे घडल्या. बऱ्याच काळानंतर, मुख्यतः गेल्या हजारेक वर्षांत, तुवालू, वॉलिस, फुटुना या भागांतून होड्या पुन्हा पश्चिमेला आल्या. पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे त्यांच्या पाठीशी होते. न्यू कॅलेडोनियातल्या ऊवेआ बेटावर तर वॉलिसचे लोक अठराव्या शतकात आले.

ही बेटं तेव्हा ओसाड होती, हेही सरसकट खरं नाही. सॉलोमन बेटांतल्या, जेमतेम पाच चौरस किलोमीटरच्या टिकोपियावर संशोधक पॅट्रिक कर्च आणि डग्लस येन यांनी उत्खनन केलं. तिथली वस्ती तीन हजार वर्षांच्या घरात जाते. पॉलिनेशियन खुणा मात्र वरच्या, अलीकडच्या थरांत सापडतात. नवे लोक जुन्यांत मिसळले.

म्हणूनच 'सगळे पॉलिनेशियन सारखेच' हे म्हणणं मला सर्वांत अन्यायाचं वाटतं. टिकोपियाचे लोक शेजारच्या मेलानेशियनांप्रमाणे चुना लावून पान-सुपारी खातात. कावा हे मुळांचं पेय तिथे पूर्वी प्यायचं कमी, देवांना वाहायचं जास्त. त्रिकोणातल्या बेटांवर झाडाची साल कुटून कापड होई, तर ऑन्टाँग जावा आणि कापिंगामारांगी या त्रिकोणाबाहेरच्या बेटांवर माग होते. टाउमाको बेटावर 'ते पुके' नावाच्या शिडाच्या होड्या बांधण्याची विद्या टिकून राहिली.

आणि ही माणसं जगापासून तुटलेली, असहाय आहेत का? डिसेंबर २००२मध्ये झोई चक्रीवादळाने टिकोपियाची घरं आणि पिकं उद्ध्वस्त केली. लोक उंचावरच्या कपारींत जाऊन बसले आणि एकही जीव गेला नाही. आज टिकोपियाच्या लोकांची वस्ती रसेल बेटांवरही आहे, आणि १९१०च्या दशकातल्या दुष्काळानंतर स्थलांतरित झालेल्या कापिंगामारांगीकरांची पोनपेई बेटावर.