भक्कम बचावफळी भेदण्याचे डावपेच : लिस्बन येथील १९६७ व २००४ च्या अंतिम सामन्यांच्या आधारे एक विवेचन

सारांश

फुटबॉलमध्ये सर्व खेळाडू मागे ओढून बचाव करणाऱ्या संघाविरुद्ध गोल करणे ही प्रशिक्षकांपुढील जुनी समस्या आहे. प्रस्तुत लेखात लिस्बन शहरात झालेल्या दोन अंतिम सामन्यांच्या आधारे या समस्येचे विवेचन केले आहे. १९६७ मध्ये सेल्टिक संघाने इंटर मिलानचा बचाव भेदला, तर २००४ मध्ये यजमान पोर्तुगालला ग्रीसचा बचाव भेदता आला नाही. बचावफळीतील प्रत्येक जादा खेळाडूमागे मैदानावर अन्यत्र प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू मोकळा सुटतो. त्या मोकळ्या खेळाडूला योग्य जागी व योग्य वेळी चेंडू मिळवून देणे हेच बचाव भेदण्याचे मर्म होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : बचावफळी, कातेनाच्चो, मोकळा खेळाडू, मागे दिलेला पास, प्रतिहल्ला.

१. प्रस्तावना

फुटबॉल हा अल्प गोलसंख्येचा खेळ आहे. बास्केटबॉल किंवा कबड्डीत दुर्बळ संघाला संपूर्ण सामना केवळ बचावावर तारून नेता येत नाही. फुटबॉलमध्ये मात्र एका गोलावर, किंबहुना एकही गोल न होता, सामन्याचे पारडे फिरू शकते. म्हणूनच दुर्बळ संघाने बचावाचा आश्रय घेणे हा भित्रेपणा नसून तो एक विचारपूर्वक केलेला हिशेब असतो. प्रश्न उरतो तो समोरच्या संघाचा. चेंडू आपल्याकडे, मैदान आपल्याकडे, पण गोल होत नाही, अशा वेळी नेमके काय करावे?

हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला पुस्तकात प्रथम भेटला नाही. काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात आमचा संघ बहुतांश वेळ प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात खेळला आणि एका प्रतिहल्ल्यावर ०-१ असा पराभूत झाला. त्या दिवशी रेषेबाहेरून प्रस्तुत लेखक ‘चेंडू पुढे टाका’ एवढी एकच सूचना देत होता. मुलांनी ती तंतोतंत पाळली, आणि समोरच्या उंच बचावपटूंनी प्रत्येक चेंडू डोक्याने परतवला. पराभवानंतर मुलांनी स्वतःला दोष दिला. वस्तुतः दोष सूचनेचा होता. त्या सूचनेत काय चुकले याचा शोध म्हणजे हा लेख होय.

२. लेखाची उद्दिष्टे व पद्धती

(१) संघटित बचावाचे बलस्थान व त्याची किंमत स्पष्ट करणे. (२) दोन प्रसिद्ध सामन्यांच्या आधारे यशस्वी व अयशस्वी आक्रमणातील फरक दाखविणे. (३) महाविद्यालयीन सरावासाठी उपयुक्त सूचना करणे. यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. संघटित बचाव : बळ आणि किंमत

‘कातेनाच्चो’ या इटालियन शब्दाचा अर्थ दाराची कडी किंवा अडसर. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये कार्ल रापान यांनी मांडलेल्या रचनेत या पद्धतीचे मूळ सापडते. पुढे इटलीत ती रुजली आणि हेलेनियो हेरेरा यांच्या इंटर मिलानने १९६४ व १९६५ असे सलग दोन वेळा युरोपियन चषक जिंकून तिला कीर्ती मिळवून दिली. या पद्धतीत बचावपटू प्रतिस्पर्ध्याच्या एकेका आघाडीवीराला सावलीप्रमाणे चिकटून राहतात आणि त्यांच्या मागे कोणाचीही जबाबदारी नसलेला एक मोकळा बचावपटू उभा असतो. पुढचा बचावपटू चकला तरी हा मागचा खेळाडू अडसरासारखा आड येतो.

आधुनिक संघ प्रायः जागेचे रक्षण करतात. चार-चार खेळाडूंच्या दोन रांगा एकमेकींजवळ राहून चेंडूच्या दिशेने एकत्र सरकतात. आंतरराष्ट्रीय सामन्यांत प्रचलित असलेल्या मैदानाची रुंदी ६८ मीटर असते. चार बचावपटूंनी ती समान वाटून घेतल्यास प्रत्येकाच्या वाट्याला १७ मीटर येतात आणि दोघांमधून सहज पास काढता येतो. म्हणून ते चेंडूच्या बाजूला आकसतात, मधली वाट बंद करतात आणि दूरची बाजू सोडून देतात.

दोन्ही पद्धतींत एक समान हिशेब दडलेला आहे. गोलरक्षक वगळता दोन्हीकडे दहाच खेळाडू असतात. गोलसमोर एक बचावपटू जादा ठेवायचा तर प्रतिस्पर्ध्याचा कोणी तरी एक खेळाडू अन्यत्र मोकळा सोडावाच लागतो. संपूर्ण संघ मागे गेला तर प्रतिस्पर्ध्याचे दोन-तीन खेळाडू मोकळे होतात. बचाव करणारा संघ ही किंमत आनंदाने मोजतो, कारण हे मोकळे खेळाडू गोलपासून दूर असतात आणि तेथून त्यांचा उपद्रव होत नाही. आक्रमणाची सारी कला या एका मुद्द्याभोवती फिरते : दूर असलेला हा मोकळा खेळाडू उपद्रव करू शकेल अशा जागी कसा आणायचा?

४. लिस्बन, २५ मे १९६७

युरोपियन चषकाच्या या अंतिम सामन्यात इंटर मिलानसमोर स्कॉटलंडचा सेल्टिक संघ होता. सेल्टिकचे सर्व खेळाडू ग्लासगोच्या सुमारे पन्नास किलोमीटरच्या परिघात जन्मलेले होते. सातव्याच मिनिटाला सांद्रो माझोला याने पेनल्टीवर इंटरला आघाडी मिळवून दिली. एका गोलाची आघाडी आणि हेरेरांचा बचाव, म्हणजे सामना संपल्यासारखाच, असे त्या काळी मानले जाई.

सेल्टिकचे प्रशिक्षक जॉक स्टीन यांच्या संघाने इंटरची पद्धत इंटरवरच उलटवली. माणसामागे माणूस लावणारा बचावपटू आपली जागा स्वतः ठरवत नाही. ती त्याचा प्रतिस्पर्धी ठरवतो. विंगर जिमी जॉन्स्टन आपली बाजू सोडून आत सरकला की त्याच्यावर लक्ष ठेवणारा बुर्निचही आत ओढला जाई आणि बाजूची वाट रिकामी होई. या रिकाम्या वाटेने पुढे येत होते सेल्टिकचे फुलबॅक, उजवीकडून जिम क्रेग आणि डावीकडून टॉमी गेमेल. त्यांच्यावर लक्ष ठेवण्याचे काम बचावपटूंचे नव्हते. ते इंटरच्या आघाडीवीरांचे होते, आणि गोलपर्यंत माघारी धावणे हा आघाडीवीरांचा स्वभाव नव्हे.

दोन्ही गोलांची घडण पाहण्यासारखी आहे. ६३ व्या मिनिटाला क्रेगने उजवीकडून पुढे जाऊन चेंडू गोलसमोर उंच न टाकता मागे दिला आणि धावत आलेल्या गेमेलने पेनल्टी क्षेत्राबाहेरून जोरदार फटक्याने गोल केला. एका फुलबॅकने दिलेल्या पासवर दुसऱ्या फुलबॅकने केलेला हा गोल होता. ८४ व्या मिनिटाला गेमेलने डावीकडून चेंडू असाच मागे दिला, बॉबी मर्डॉकने फटका मारला आणि स्टीव्ह चाल्मर्सने त्याला गोलची दिशा दिली. सेल्टिक २-१ असा विजयी झाला. युरोपियन चषक जिंकणारा तो पहिला ब्रिटिश संघ ठरला.

चेंडू मागे देण्यात असे काय आहे? बचावपटू नेहमी चेंडू आणि माणूस दोन्ही एका नजरेत ठेवण्याचा प्रयत्न करतो. चेंडू बाजूने गोलरेषेजवळ गेला की त्याला स्वतःच्या गोलकडे धावावे लागते आणि मागून येणारा खेळाडू त्याच्या नजरेआड होतो. अशा क्षणी चेंडू मागे आला तर वेगात असलेल्या संपूर्ण फळीला थांबून उलट वळावे लागते. शिवाय पास घेणारा खेळाडू चेंडूच्या मागे असल्याने ऑफसाइडचा प्रश्नच उद्भवत नाही. मागचा मोकळा बचावपटूही येथे निरुपयोगी ठरतो, कारण तो ज्या जागेचा पहारा करतो तिच्याकडे चेंडू जातच नाही.

येथे एक सावधगिरीची नोंद आवश्यक आहे. त्या सामन्यात सेल्टिकचे दोन फटके गोलच्या आडव्या खांबाला लागून परतले, तर इंटरचा गोलरक्षक सार्ती याने अनेक फटके अडविले. डावपेच अचूक असूनही तासभर यश आले नव्हते. डावपेच विजयाची हमी देत नाहीत. ते चांगल्या संधींची संख्या वाढवितात. त्या संधींचे सोने होईपर्यंत पद्धत न सोडण्याचा धीर हा डावपेचाचाच भाग होय.

५. लिस्बन, ४ जुलै २००४

सदतीस वर्षांनी त्याच शहरातील दुसऱ्या मैदानावर युरो स्पर्धेचा अंतिम सामना झाला. यजमान पोर्तुगालकडे फिगो, डेको, पाउलेटा आणि तरुण क्रिस्तियानो रोनाल्डो होते. ओटो रेहागल यांच्या ग्रीसने उपान्त्यपूर्व फेरीत फ्रान्सला व उपान्त्य फेरीत चेक प्रजासत्ताकाला प्रत्येकी १-० असे नमविले होते. अंतिम सामन्यातही ५७ व्या मिनिटाला कॉर्नर किकवर खारिस्तेआसने डोक्याने केलेला गोल निर्णायक ठरला आणि ग्रीसने १-० असा विजय मिळविला.

चेंडूचा ताबा पोर्तुगालकडे अधिक होता. तथापि ताबा म्हणजे प्रगती नव्हे. प्रस्तुत लेखकाच्या मते पोर्तुगालचे प्रयत्न प्रामुख्याने दोन स्वरूपांत गोलपर्यंत पोहोचले : बाजूने उंच टाकलेले चेंडू आणि दुरून मारलेले फटके. उंच चेंडूवर ग्रीसचे धिप्पाड बचावपटू समोर तोंड करून, पाय रोवून सज्ज होते. म्हणजे ग्रीसने ज्या जागी जादा माणूस ठेवला होता, त्याच जागी पोर्तुगाल चेंडू पाठवीत राहिला. आमच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यातील चूक नेमकी हीच होती.

याच स्पर्धेत ग्रीसला फक्त एका संघाने हरविले. साखळी सामन्यात रशियाने दुसऱ्याच मिनिटाला पहिला आणि १७ व्या मिनिटाला दुसरा गोल करून २-१ असा विजय मिळविला. बचावाची घडी बसण्यापूर्वीच गोल करणे हा बचाव भेदण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग असतो. आघाडी मिळाली की मागे बसलेल्या संघाला नाइलाजाने पुढे यावे लागते आणि त्याची कडी त्यालाच काढावी लागते.

६. डावपेचांचे सूत्र

वरील विवेचनातून पुढील सूत्रे हाती येतात.

(अ) बचाव फोडण्यापूर्वी हलविणे : कबड्डीत अनुभवी चढाईपटू थेट साखळीवर तुटून पडत नाही. तो एका कोपऱ्याकडे हूल देतो, साखळी तिकडे ओढली जाते आणि मग तो दुसरीकडे हात मारतो. फुटबॉलमध्ये हेच काम चेंडू करतो. खेळाडूपेक्षा चेंडू वेगाने जातो. एका बाजूला चार-पाच पास खेळून फळी तिकडे ओढावी आणि नंतर एका लांब पासने चेंडू दुसऱ्या बाजूला न्यावा; फळी तेथे पोहोचेपर्यंत मिळणारे दोन-तीन सेकंद हीच खरी संधी होय.

(आ) निरुद्देश पास टाळणे : ६ डिसेंबर २०२२ रोजी कतारमधील विश्वचषक स्पर्धेत स्पेनने मोरोक्कोविरुद्ध हजारावर पास खेळले, १२० मिनिटांत गोल झाला नाही आणि पेनल्टीवर मोरोक्कोने ३-० अशी सरशी साधली. जो पास एकाही बचावपटूला जागचा हलवीत नाही, तो केवळ आकडा वाढवितो.

(इ) मागून येणारा खेळाडू : गोलसमोर आधीच उभ्या असलेल्या आघाडीवीरावर पहारा असतो. फुलबॅक किंवा मधल्या फळीतील खेळाडू उशिरा धावत आला तर त्याला कोणी घ्यावे, हे बचावपटूंना क्षणात ठरवावे लागते. या संभ्रमातूनच गोल होतात.

(ई) स्थिर चेंडूचा उपयोग : कॉर्नर व फ्री किकच्या वेळी आक्रमकाला आपली मांडणी आधी ठरविता येते. २०१८ च्या विश्वचषकात इंग्लंडच्या १२ गोलांपैकी ९ गोल पेनल्टीसह स्थिर चेंडूवर झाले होते.

(उ) पाठ राखणे : मागे बसलेला संघ प्रतिहल्ल्याच्या प्रतीक्षेत असतो. म्हणून दोन्ही फुलबॅक एकाच वेळी पुढे गेल्यास मधल्या फळीतील एकाने मागे थांबलेच पाहिजे. १६ जून २०१० रोजी विश्वचषकात स्वित्झर्लंडने स्पेनला १-० असे हरविले, ते अशाच एका तुटक हल्ल्यावर. पुढे स्पेनने आपली पद्धत न सोडता तीच स्पर्धा जिंकली, हेही येथे नमूद करावयास हवे.

७. महाविद्यालयीन सरावासाठी सूचना

अर्ध्या मैदानात आठ आक्रमक विरुद्ध आठ बचावपटू व गोलरक्षक असा खेळ आठवड्यातून दोन वेळा घ्यावा. उंच चेंडूवरील गोलाला एक आणि मागे दिलेल्या पासवरील गोलाला दोन गुण द्यावेत. चेंडू हिरावून घेणाऱ्या बचावपटूंनी तो मध्यरेषेपार नेल्यास त्यांनाही एक गुण द्यावा, म्हणजे आक्रमकांना पाठ राखण्याची सवय लागते. खेळ मध्येच थांबवून ‘या क्षणी मोकळा कोण आहे?’ एवढाच प्रश्न मुलांना विचारावा. सुरुवातीला उत्तर येत नाही; चार-सहा आठवड्यांत मुले प्रश्नाआधीच बोट दाखवू लागतात, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

८. निष्कर्ष

१. संघटित बचावाचे बळ गोलसमोरील जादा खेळाडूत असते. त्याची किंमत म्हणजे अन्यत्र मोकळा सुटलेला प्रतिस्पर्धी.
२. जादा खेळाडू उभा असलेल्या जागी चेंडू पाठविणे हे आक्रमणाच्या अपयशाचे प्रमुख कारण आहे.
३. बाजूने आत शिरून मागे दिलेला पास व मागून येणारा खेळाडू ही बचाव भेदण्याची प्रभावी जोडी आहे.
४. धीर आणि पाठराखण यांच्याविना कोणताही डावपेच टिकत नाही.

समारोप

भक्कम बचावासमोर हतबल झालेल्या संघाला प्रशिक्षक बहुधा अधिक जोर लावण्यास सांगतो. जोर अपुरा पडतो म्हणून अपयश येते असे नाही. तो चुकीच्या जागी लावला जातो म्हणून येते. कडी लावलेल्या दारावर धक्के देत राहण्यापेक्षा घराची कोणती खिडकी उघडी राहिली आहे, हे पाहण्याची दृष्टी विद्यार्थ्यांना देणे हे क्रीडाशिक्षकाचे काम आहे. पराभवाचे ओझे घेऊन मैदानाबाहेर येणाऱ्या मुलांच्या वतीने विचार करता, ही दृष्टी देण्यात झालेली कसूर ही आपलीच असते, याची जाणीव आपण शिक्षकांनी ठेवणे आवश्यक आहे.