माळ्यावरचा ॲम्प्लिफायर नव्या घरी देताना

दिवाळीच्या आवराआवरीत खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकरकडच्या जुन्या घरांच्या माळ्यावरून अजूनही कधीमधी एखादी जड पेटी खाली उतरते. सोनोडाइनचा ॲम्प्लिफायर असतो, फिलिप्सचा रेकॉर्ड प्लेयर असतो, सोबत लाकडी स्पीकरची जोडी. भंगारवाला ती किलोवर नेतो. तांब्या-ॲल्युमिनियमचे चार पैसे मिळतात आणि कितीतरी वर्षं वाजू शकलं असतं असं यंत्र कायमचं संपतं. असा सेट भंगारात न घालता जाणत्या हाती द्यावा, असं मला कळकळीनं वाटतं.

सोनोडाइन १९७० साली कोलकात्यात सुरू झाली. त्या काळातल्या ॲम्प्लिफायरचं झाकण उघडलं, की आतला एकेक भाग डोळ्यांना दिसतो, सोल्डरिंग करून बदलता येतो. अशा अनेक सेटमध्ये वापरला जाणारा २एन३०५५ हा ट्रान्झिस्टर आजही बाजारात मिळतो. म्हणूनच हे सेट दुरुस्त होतात.

घेणाऱ्यानं मात्र घाई करू नये. वर्षानुवर्षं बंद असलेल्या सेटचा प्लग थेट बोर्डात घालणं धोक्याचं, कारण आतले कपॅसिटर सुकलेले असतात. जाणता मेकॅनिक आधी शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडतो. बल्ब क्षणभर उजळून मंदावला, तर बहुधा ठीक. भगभगीत पेटलेलाच राहिला, तर आत शॉर्ट आहे. लगेच बंद करायचं. मग स्पीकरची जाळी काढून कडेच्या फोमला हलकेच बोट लावावं. भुगा हाती आला, तर फोम बदलायला हवा; कागदी कोन शाबूत असेल तर स्पीकर वाचतो. पेटीला वाळवी लागली आहे का, हे मागून ठोकून पाहावं. आवाजाचं बटण खरखरत असेल, तर बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरनं काम भागतं.

अमेरिकेतल्या नातेवाइकानं दिलेला सेट १२० व्होल्टचा असतो; आपल्याकडच्या २३० व्होल्टवर तो जळतो. ट्रान्सफॉर्मर लावला तरी तिथली वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० ची. जुन्या सिंक्रोनस मोटरच्या टर्नटेबलवर त्यामुळे ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड मिनिटाला सुमारे २८ फेऱ्या फिरते आणि गायकाचा सूर उतरतो. त्यासाठी ५० हर्ट्झची पुली मिळवावी लागते.

देणाऱ्याचीही जबाबदारी आहे. एसटीनं किंवा रेल्वेनं पाठवण्याआधी टर्नटेबलची वरची जड थाळी काढून वेगळी बांधावी, टोनआर्म दोऱ्यानं अडकवावा, सुईवर टोपण घालावं. रेकॉर्ड उभ्याच ठेवाव्यात. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत राहिलेली रेकॉर्ड वाकडी होते. लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डला एलपीची सुई चालत नाही, कारण त्या रेकॉर्डच्या खाचा रुंद असतात. हे घेणाऱ्याला सांगावं. काय दुरुस्त केलं आणि काय बिघडलेलं आहे, ते कागदावर लिहून सोबत द्यावं.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्टेशनं मुंबई-नागपूर मार्गावरच असल्यानं ते आणणं अवघड नाही. सेट खरोखरच मेला असेल, तर तो अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा.

यंदा माळा आवरताना अशी पेटी सापडली, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी गावातल्या रेडिओ मेकॅनिकला एकदा दाखवा. तो दुरुस्त होईल म्हणाला आणि घरात ऐकणारं कुणी नसेल, तर तारा, सुई, कागदपत्रांसह सेट ऐकणाऱ्याच्या घरी पोचता करा.