मताला जायचे खरे, पण सायकल कुठे लावायची?

मत कोणाला द्यायचे याची चर्चा पारावर महिनाभर चालते. मोटार कुठे लावायची याची काळजी मोटारवाला करतो. सायकल कुठे लावायची, हा मात्र कोणाला प्रश्नच वाटत नाही. सायकल ती काय, भिंतीला टेकवली की झाले! पण ज्याच्या घरात चाकावर चालणारी एवढी एकच वस्तू आहे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्यावरच पाळीला जायचे आहे, त्याला ती परक्या भिंतीला टेकवून तास-दीड तास रांगेत उभे राहवत नाही. तो कुलूप दोनदा ओढून बघतो, रांगेतून मान काढून चारदा मागे बघतो, आणि रांग हलत नाही असे दिसले की परत फिरतो. त्याचे मत गेले याची नोंद कुठेही होत नाही. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे. हकीकत रबाळ्याची आहे, पण आपल्या शिवारापासून ती फार लांब नाही.

सभासद बंधूंना रबाळे हे नाव नवे नसावे. आपल्याकडचा पोरगा मुंबईला गेला असे आपण म्हणतो खरे, पण तो बहुधा उतरलेला असतो खाडीच्या अलीकडे : माथाडीत असला तर घणसोली-कोपरखैरण्याला, कारखान्यात असला तर रबाळे-महापे-तुर्भ्याला. रबाळे हे ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोली आणि घणसोलीच्या मधले, मूळचे आगरी लोकांचे गाव. १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि त्यानंतर या पट्ट्यात कारखाने उभे राहत गेले. १९७० मध्ये सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात आंदोलन झाले, गोळीबारात पाच शेतकरी गेले. जमीन म्हणजे काय हे आपल्याला कोणी सांगायला नको. पुढे १९९२ ला नवी मुंबई महापालिका झाली, २००४ ला ठाणे-वाशी मार्गावर रेल्वे आली, रबाळ्याला स्टेशन झाले.

आता नकाशा असा, की रस्त्याच्या डोंगराकडच्या अंगाला एमआयडीसीचे कारखाने आणि वस्त्या, खाडीकडच्या अंगाला गाव आणि सिडकोचे सेक्टर. मधे ठाणे-बेलापूर रस्ता, त्यावर कंटेनर आणि डंपर. या रस्त्याकडेने पहाटे सहापासून सायकली निघतात. हँडलला डबा, कॅरिअरला गोणपाट किंवा रेनकोट. बसचे नि रिक्षाचे पैसे वाचले तर ते गावी पाठवता येतात, असा सरळ हिशेब. ही मंडळी हौसेने सायकल चालवणारी नव्हेत. २०११ च्या जनगणनेत देशातल्या जवळजवळ ४५ टक्के घरांत सायकल होती. शहराच्या रस्त्याची आखणी करताना मात्र ती कोणाच्या डोळ्यांपुढे असते असे दिसत नाही.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान झाले. रबाळे हे ऐरोली मतदारसंघात येते. आपल्या गटातल्या एका सभासदाचा थोरला मुलगा तिथे एका कारखान्यात कंत्राटी कामावर आहे. नाव तिकडेच नोंदवले आहे. (एका माणसाचे नाव दोन ठिकाणच्या यादीत असता कामा नये, हा १९५० चा कायदा आहे. गावच्या यादीत नाव तसेच ठेवून शहरातही घालणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.) मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी मिळावी असे कलम १९९६ पासून कायद्यात आहे, रोजंदारीच्या माणसालाही ते लागू आहे. पण जिथे काम थांबवता येत नाही तिथे काही तासांची सवलत देऊन भागवतात. या मुलाची रात्रपाळी होती. सकाळी सुटला तो सायकलवरून तसाच केंद्रावर गेला.

पुढची हकीकत त्याच्याच तोंडून आम्ही ऐकली, ती तशीच देतो. "काका, गेटवर हवालदार म्हणाले, सायकल आत नाही. म्हटलं, बाहेर लावतो. बाहेर लावली तर म्हणाले, इथं पण नको, लांब न्या. किती लांब? म्हणाले, दिसणार नाही एवढी. आता दिसणारच नाही तर मी राखू कशी? पलीकडं दुकानदार म्हणाला, माझ्या शटरपुढं नको. पार कोपऱ्यावर विजेच्या खांबाला साखळी घातली. तिथं आधीच बारा-पंधरा सायकली एकमेकींत अडकलेल्या. माझी खाली, वर चार. रांगेत पाऊण तास होतो. शाई लावून आलो तर पंप गेलेला, सीटचं कव्हर गेलेलं. सायकल होती, हेच नशीब. माझ्याबरोबरचा एक जण मात्र तसाच गेला निघून. त्याची गेल्या वर्षी स्टेशनवरनं गेली होती, तो सायकल सोडायलाच तयार नाही. म्हणाला, दुपारी चालत येतो. दुपारी कशाला उठतोय, रात्रपाळीचा माणूस!"

साधी काळी सायकल आज पाच-सहा हजारांच्या घरात जाते. कंत्राटी कामगाराला ती परत घ्यायची म्हणजे किती दिवसांची हजेरी, हे ज्याचे त्याने काढावे.

आता यात हवालदाराची चूक आहे असे आम्हाला म्हणायचे नाही. दारात गर्दी होऊ नये, वाट मोकळी राहावी, म्हातारी माणसे आणि अपंग यांना सरळ आत जाता यावे, हा बंदोबस्त हवाच. पण "शंभर मीटर" म्हणून जे सांगतात ते नीट समजून घ्यायला हवे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १३० वे कलम म्हणते की मतदानाच्या दिवशी केंद्राच्या शंभर मीटरच्या आत मते मागू नयेत, अमक्याला मत देऊ नका असे सांगू नये, निवडणुकीची पाटी वा चिन्ह लावू नये. सायकलीचे नाव त्या कलमात नाही. प्रचारासाठी आखलेली रेघ दाराशी येईपर्यंत सायकलीवरही येऊन बसते, एवढेच. रेघेच्या बाहेर जा म्हणायलाही हरकत नाही. पण बाहेर जागा कुठली, हे सांगणारा कोणी नाही.

केंद्रावर काय काय असावे याची निवडणूक आयोगाची यादी आहे. पिण्याचे पाणी, सावली, दिवे, स्वच्छतागृह, उतरता रस्ता, टेबल-खुर्च्या, दिशा दाखवणाऱ्या पाट्या. यादी चांगली आहे आणि वाढत गेलेली आहे. सायकलींच्या जागेचे वेगळे कलम तिच्यात नाही. खाडीच्या पलीकडे विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी १९५१ साली बारा लाखांहून जास्त मतपेट्या तयार झाल्या. बाहेरून कुलूप लावायचे तर खर्च वाढतो म्हणून कुलपाची सोय पेटीच्या आतच केली. पेटीच्या कुलपाचा एवढा बारीक विचार करणारा हा देश आहे. सायकलीच्या कुलपाचा विचार तेवढा मतदारावर सोडलेला आहे.

असेच मोबाईलचे झाले होते. २० मे २०२४ ला लोकसभेच्या वेळी मुंबई-ठाण्याकडे उन्हात लांब रांगा लागल्या. मोबाईल आत नेता येत नाही आणि बाहेर ठेवायला जागा नाही, म्हणून माणसे माघारी गेल्याच्या तक्रारी झाल्या. मे २०२५ मध्ये आयोगाने ठरवले की केंद्राच्या दाराशी मोबाईल ठेवण्याची सोय करायची. खण असलेले कपाट किंवा तागाच्या पिशव्याही चालतील, असे सांगितले. म्हणजे ओरड झाली की वाट निघते. मोबाईलवाल्यांची ओरड पेपरात आली, सायकलवाल्यांची आली नाही. २०२४ मध्येच मुंबई, ठाणे, पुण्याकडे काही मोठ्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आवारात केंद्रे दिली गेली. लोक जिना उतरून मत देऊन वर गेले. चांगलेच झाले. मग पाळीवरून येणाऱ्याला चार बांबू आणि एक दोर मिळायला काय हरकत आहे?

मोटारवाल्याचीही फजिती होते बरे का. ६ एप्रिल २०२१ रोजी तामिळनाडूत मतदान होते. तिकडचे प्रसिद्ध नट विजय चेन्नईत नीलांकराईला चक्क सायकलवरून मताला गेले. पेट्रोल महागले म्हणून हा निषेध आहे, असा बोभाटा झाला. त्यांच्या माणसांनी नंतर खुलासा केला की केंद्र घरामागच्या अरुंद गल्लीत आहे, तिथे मोटार लावायला जागा नाही, म्हणून सायकल घेतली. जाताना चाहत्यांची एवढी झुंबड उडाली की परतताना ते दुसऱ्याच्या दुचाकीवर बसून घरी गेले. मोटारीला जागा नाही म्हणून सायकल काढली ही बातमी देशभर गेली. सायकलला जागा नाही म्हणून माघारी गेला, ही कुठे येणार?

एक बारकावा इथेच सांगून ठेवतो. सायकल हे निवडणूक चिन्हही आहे. आंध्रात तेलुगू देसमचे, उत्तर प्रदेशात समाजवादी पक्षाचे. त्या पक्षातला सायकलीचा वाद जानेवारी २०१७ मध्ये आयोगापुढे गेला होता. हा पक्ष आपल्या राज्यातही उमेदवार उभे करतो. म्हणून सायकल घेऊन येणारा प्रचारक ठरत नाही, चाकावर बसून आलेला मतदार हा मतदारच. मात्र मडगार्डला कोणाची पट्टी, हँडलला कोणाचा झेंडा असे काही असेल तर ते घरीच काढून यावे. उगाच दारात हुज्जत नको.

आता आपल्या घरचे बघू. कारखान्याच्या संचालक मंडळाच्या निवडणुकीला सभासद वीस-पंचवीस गावांतून येतात. एक शेअर असो की दहा, मत एकच. सहकाराची ही मोठी गोष्ट आहे. पण ज्याच्याकडे जीप आहे तो शाळेच्या पटांगणापर्यंत येतो, आणि सायकलवर आलेला म्हातारा सभासद ओढ्याच्या कडेला सायकल आडवी टाकून काठी टेकत येतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, सगळीकडे हेच. रबाळ्याला नाव ठेवण्याआधी आपल्या गावच्या शाळेचे फाटक बघावे.

खरे म्हणजे ही सोय कशी करायची हे आपल्याला शिकवायला नको. गळीत हंगामात केनयार्डात काय होते? शेकडो गाड्या येतात. बैलगाडी, ट्रॅक्टर, ट्रक. फाटकावर प्रत्येकाला नंबर मिळतो. गाडीवान गाडी रांगेत लावतो, बैल सोडतो, चहा पितो, झोपही काढतो. नंबर पुकारला की काट्यावर जातो. आपली गाडी दुसरा घेऊन जाईल ही धास्ती कोणाला नसते, कारण नंबर आहे आणि यार्डावर माणूस आहे. दोन टनांच्या गाडीला जे जमते ते अठरा-वीस किलोच्या सायकलीला का जमू नये?

आमची सूचना अशी. ग्रामपंचायत, शाळा किंवा तरुण मंडळ यांनी मतदानाच्या दोन-चार दिवस आधी केंद्राधिकारी आणि पोलीस पाटलांना विचारून शंभर मीटरच्या रेघेबाहेर जागा नक्की करावी. झाडाखालची असली तर उत्तम. बांबू आडवे बांधावेत, दोर ओढावा. फाटकापासून तिकडे बाण दाखवणारी पाटी लावावी आणि पाटीवर "सायकली येथे लावा" एवढेच लिहावे, कोणाच्या सौजन्याने वगैरे काही नको. हे काम उमेदवाराने किंवा त्याच्या माणसांनी करू नये. मतदाराला फुकट नेण्या-आणण्यासाठी उमेदवाराने वाहन मिळवून देणे हा याच कायद्याच्या १२३ व्या कलमात भ्रष्ट आचार आहे, आणि तिथे वाहन म्हणजे यंत्रावर चालणारेच असे नाही, बैलगाडीही आली. सायकल राखणे हे त्यात बसत नसले तरी संशयाला जागा कशाला ठेवा? मास्तर आणि शाळेची मोठी मुले, किंवा कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजनेची मुले, हीच बरी. पैसे घेऊ नयेत.

नंबराचे बिल्ले कारखान्याच्या भंगारातल्या पत्र्याचे होतील. एकाच आकड्याचे दोन. एक सायकलच्या हँडलला तारेने, दुसरा माणसाच्या खिशात. कागदी चिठ्ठी घामाने भिजते, पावसात तर राहतच नाही. कुलूप ज्याने त्याने आपले लावावेच. रबाळ्याच्या मुलाला हे सांगितले तर तो म्हणाला, "काका, बिल्ला नसला तरी चालेल, नुसता एक माणूस बसवा हो."

आणि माणूस बसवायचा तर वेळेकडे लक्ष हवे. संध्याकाळी सहाला मतदान संपते म्हणतात, पण सहाच्या ठोक्याला जे रांगेत असतात त्यांना शेवटापासून चिठ्ठ्या वाटून सगळ्यांचे मत घेतात. कधी सात होतात, कधी आठ. तेव्हा राखणीच्या मुलांनी सहाला दोर गुंडाळू नये. कंदील किंवा बॅटरी जवळ ठेवावी, आणि शेवटची सायकल गेली की मगच उठावे.