वैशाखातली परसबाग

विदर्भातल्या परसबागेचा कस लागतो तो एप्रिलच्या मध्यापासून मृगाच्या पावसापर्यंत. नागपूर, अकोला, वर्धा, चंद्रपूर या भागांत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणे नेहमीचेच आहे. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. हवामान खात्याचा हा आकडा सावलीतल्या, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवरच्या हवेचा असतो. भाजीचे रोप मात्र भर उन्हात उभे असते. त्याची मुळे तापलेल्या मातीत असतात आणि गच्चीवरच्या कुंडीत असली तर खालून स्लॅबही भाजत असतो. फेब्रुवारीपर्यंत रोज मूठभर पालक, चार टोमॅटो देणारी बाग अशा वेळी पाहता पाहता मलूल होते. घरात मग एकच निदान होते: पाणी कमी पडले. ते बऱ्याचदा चुकते आणि त्यामागोमाग होणारा पाण्याचा मारा रोपांना उन्हापेक्षाही महागात पडतो.

पानावरच्या सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडते आणि त्यामुळे पान थंड राहते. दुपारी मुळे जितके पाणी वर चढवू शकतात, त्याहून जास्त पाणी पानांतून उडून जाऊ लागते. तेव्हा रोप रंध्रे मिटून घेते आणि पाने खाली सोडते. पाने लोंबल्यामुळे त्यांच्यावर पडणारे ऊनही कमी होते. भोपळ्याची, वांग्याची मोठी पाने दुपारी दोनला अशी मान टाकतात आणि सूर्य कलला की पुन्हा ताठ होतात. म्हणून रोपाची तहान दुपारी जोखू नये, सकाळी सहाच्या सुमारास जोखावी. रात्रभराच्या विसाव्यानंतरही पाने लोंबलेली असतील तर मातीत दोन पेरे बोट खुपसून पाहावे. आत कोरडे लागले तर पाणी हवे. आत ओल असूनही रोप मलूल असेल तर मुळे गुदमरली किंवा कुजली आहेत असे समजावे. दिसायला दोन्ही दुखणी सारखीच, पण दुसऱ्यात पाणी म्हणजे विष.

उन्हाळ्यात सर्वांत जास्त निराशा करतो तो टोमॅटो. झाड हिरवेगार असते, पिवळ्या फुलांचे घोस येतात आणि देठापाशी सांधा सुटून फुले गळून पडतात. टोमॅटोच्या एकाच फुलात परागही असतात आणि बीजांडेही, त्यामुळे मधमाशी आली नाही तरी वाऱ्याच्या हलक्या झुळकीने फळ धरते. पण दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचे २५च्या वर राहू लागले की पराग निकामी होतात. विदर्भात मे महिन्यातल्या रात्री २५ अंशांखाली क्वचितच उतरतात. तिथे खताने, फवारणीने किंवा फांद्या हलवून काहीही साधत नाही. आधी धरलेल्या फळांचीही वेगळी अडचण असते. टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन ३० अंशांच्या वर नीट तयार होत नाही. पिवळा रंग देणारी द्रव्ये मात्र तयार होत राहतात. त्यामुळे फळ झाडावरच पिवळट-नारिंगी राहते. बुडाशी किंचित रंग फिरताच ते तोडून घरात सावलीला, माठाजवळच्या गारव्यात ठेवले तर चांगले लाल होते. बुडाशी काळपट, खोलगट डाग पडला तर तो बुरशीचा आहे असे वाटते. प्रत्यक्षात दोन दिवस कोरडे आणि तिसऱ्या दिवशी पूर, अशा पाण्यामुळे फळापर्यंत कॅल्शियम पोचलेले नसते, त्याचा तो डाग असतो.

मिरचीही कडक उन्हात फुले टाकते, पण झाड चिवट असते आणि जगवले तर पावसाळ्यात भरभरून फळते. तिची पाने आक्रसू लागली, म्हणजे बोकड्या दिसू लागला, तर पानांची पाठ पाहावी. फुलकिडे आणि कोळी कोरड्या हवेत झपाट्याने वाढतात. लाल कोळी नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटकले की सरकणारे ठिपके दिसतात. सकाळी पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी त्याचा बराच बंदोबस्त होतो.

काही भाज्या मात्र उन्हाळ्याच्याच आहेत. तांदुळजा आणि घोळ या पालेभाज्यांमध्ये कर्बवायू आधी एका जागी साठवून मग वापरण्याची सोय असते. रंध्रे थोडीच उघडली तरी त्यांचे काम भागते आणि त्याच पाण्यात त्या अधिक वाढतात. गवार, भेंडी, चवळी, अंबाडी यांनाही ऊन मानवते. पण ‘मानवते’ याचा अर्थ भर मे महिन्यात पेरल्या तरी चालतात, असा नाही. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत पेरलेल्या गवारीची मुळे होळीपर्यंत खोल गेलेली असतात आणि तीच तिला पुढे तारतात. कोथिंबीर आणि पालक यांच्याशी वैशाखात झगडण्यात अर्थ नाही. कोथिंबिरीचे धणे तापलेल्या मातीत नीट उगवत नाहीत आणि उगवलीच तर वीतभर होण्याआधी ती फुलावर येते. पालकही मोठ्या दिवसांत तुरे काढतो.

वेलभाज्यांना पाण्याइतकीच परागणाची गरज असते. त्यांच्यात नर आणि मादी फुले वेगळी असतात आणि उष्ण, मोठ्या दिवसांत नर फुलांचे प्रमाण वाढते. ‘फुले खूप, फळ एकही नाही’ ही तक्रार तिथूनच येते. काकडी आणि कारल्याची फुले सकाळी उमलतात, तर दोडक्याची आणि दुधीची संध्याकाळी. ज्या गच्चीवर कीटक फिरकत नाहीत, तिथे त्या त्या वेळी नर फूल खुडून, पाकळ्या मागे वळवून मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावे. मादी फूल ओळखणे अगदी सोपे आहे. त्याच्या मागे बोटाच्या पेराएवढे इवलेसे फळ आधीपासूनच असते. काकडी कडू निघण्यामागेही पाण्याचा ताणच असतो. तिच्यातले कडू द्रव्य अशा वेळी वाढते आणि देठाच्या बाजूला जास्त साचते.

पाणी हाच उन्हाळ्यातल्या घराचा सर्वांत अवघड हिशेब. नळाला एक दिवसाआड पाणी, त्यात पिण्याचे, न्हाणीचे, धुण्याचे आणि भर म्हणून कूलरचे. बागेच्या वाट्याला येते ते बहुधा वापरलेले पाणी, आणि तिथे निवड नीट करावी लागते. तांदूळ, डाळ, भाज्या धुतलेले पाणी खुशाल घालावे. कपड्यांच्या साबणाचे पाणी भाजीला नको. त्यातल्या सोडियममुळे माती घट्ट बनते. न्हाणीच्या पाण्यावर केळ, कर्दळ, अळू लावण्याची जुनी रीत मोठ्या शहाणपणाची आहे, कारण त्या झाडांना ते पाणी झेपते. कूलरच्या टाकीच्या तळाचे पाणी मात्र फसवे असते. पाणी उडून जाते आणि त्यातले क्षार मागे राहतात. टाकीत नवे पाणी ओतत गेले की ते आणखी साचतात. कूलरच्या ताटीवर जमणारा पांढरा थर तो हाच. असे पाणी कुंडीत गेले की पानांच्या कडा करपतात. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यालाही हेच लागू. ही दोन्ही पाणी अंगणातल्या मोठ्या झाडाला द्यावीत किंवा फरशी धुवायला वापरावीत.

पाणी पहाटे द्यावे, सावकाश आणि खोलवर. रोज शिंपडलेले तांब्याभर पाणी वरच्या दोन बोटे मातीतच संपते. मुळे ते शोधत वर येतात आणि तिथेच भाजतात. गच्चीवरच्या टाकीचे आणि पाइपात साठलेले पाणी दुपारनंतर कढत असते, ते आधी बाहेर सोडून द्यावे. जमीन काळी असेल तर उन्हात तिला भेगा पडतात. त्यांतून खोलवरची ओल उडते आणि बारीक मुळे तुटतात. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे शेतकरी म्हणतात. परसात हेच काम खुरप्याने वरची माती हलवून भेगा बुजवल्याने होते. त्यावर गव्हांडा, सोयाबीनचे कुटार किंवा वाळका पाला दोन-तीन इंच पसरावा, मात्र खोडापासून दोन बोटे दूर. वाळवी असेल तिथे आच्छादन अधूनमधून उचलून पाहावे.

सावली हवी ती मुख्यतः पश्चिमेची. निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी झाडांच्या वर हातभर मोकळी जागा सोडून बांधावी, म्हणजे खालून हवा खेळते. पऱ्हाट्यांची किंवा तुराट्यांची ताटी पश्चिमेला उभी केली तरी तेच काम होते आणि तिला खर्चही नाही. कुंड्या विटांवर, एकमेकींना खेटून ठेवाव्यात. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या फार तापतात. त्यांच्याभोवती जुने पोते गुंडाळावे.

सुट्ट्यांत घर माहेरी किंवा गावी जाते तेव्हा बागेचा भार उचलतो तो माठ. गळ्यापर्यंत मातीत पुरून, पाणी भरून, झाकण ठेवलेल्या माठातून पाणी झिरपत राहते आणि भोवतालची मुळे त्याला बिलगतात. ही रीत फार जुनी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीग्रंथातही तिचे वर्णन आढळते. यात एक बारकावा आहे. गेल्या वर्षीचा जुना माठ पाणी गार करीनासा झाला म्हणून तो बागेत पुरला जातो. पण क्षारांनी त्याची छिद्रे बुजलेली असतात, म्हणूनच तो गार करीत नाही, आणि त्याच कारणाने तो मातीतही फारसा झिरपत नाही. काथ्याने बाहेरून खरवडून, पाणी भरून तो रात्रभर ठेवावा. सकाळी बाहेरून ओलसर लागला तरच पुरावा.

वैशाखात बागेने रोजची भाजी द्यावी ही अपेक्षा तशी नवीच आहे. विदर्भातली स्वयंपाकघरे या दिवसांसाठी हिवाळ्यापासून तयारी करीत आली. हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवायचा, मुगाच्या वड्या आणि सांडगे घालायचे, कोहळे आणि कांदे साठवायचे. भाजी नसेल त्या दिवशी डाळ-कांदा किंवा पिठले. परसातल्या झाडांनी तेवढे महिने फक्त जगायचे असे. आजही त्यांच्याकडून तेवढेच मागणे रास्त आहे. या काळात खत देऊ नये, छाटणी करू नये. तहानलेल्या रोपावर लहान फळे असतील तर काढून टाकावीत.

छाटणीची वेळ येते ती जूनमध्ये, आभाळ भरून येऊ लागले की. वांग्याची जुनी झाडे जमिनीपासून वीत-दीड वीत ठेवून कापली आणि बुडाशी शेणखत दिले तर पहिल्या पावसावर नवे धुमारे फुटतात. जाळी त्याच सुमारास, एखादा ढगाळ दिवस पाहून काढावी. ढगाळ हवेत ती तशीच राहिली तर रोपे उजेडासाठी उंच, लेचीपेची वाढतात. कुंड्यांची तळाची छिद्रेही तेव्हाच काडीने मोकळी करावीत, कारण उन्हाळाभर साचलेल्या मातीने आणि क्षारांनी ती बुजलेली असतात.